पटकी : औषध सापडले, पाण्याचे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक शब्द दरवर्षी नेमाने उगवतो : 'गॅस्ट्रो'. अमुक तालुक्यात गॅस्ट्रोची लागण, तमुक वस्तीत गॅस्ट्रोचे थैमान. शब्द मोठा सोयीचा आहे. कॉलरा म्हटले, पटकी म्हटले, की ते वर कळवणे भाग पडते. शौचाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पाणी कोठून आले आणि त्यात घाण कोठे मिसळली याचा माग काढावा लागतो. मग त्या पाण्याची जबाबदारी ज्याच्याकडे होती त्याचे नाव आपोआप पुढे येते. गॅस्ट्रो हे मात्र कोणाचेच पाप नसते. हवा बदलली, पोट बिघडले, सलाइन लावले, माणूस घरी परतला किंवा परतला नाही. प्रत्येक गॅस्ट्रो पटकीच असतो असे नव्हे. जुलाबाची कारणे अनेक आहेत. परंतु नमुना तपासण्याआधीच नाव ठरवायचे आणि ते नेहमी निरुपद्रवी बाजूला झुकवायचे, ही सवय जुनी आहे. ती ध्यानात घेतल्यावाचून या रोगाचा इतिहास नीट उमगत नाही.

मराठीत या रोगाला नावे पुष्कळ होती : पटकी, महामारी, मोडशी. गोव्यात राहून ग्रंथ लिहिणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा इथल्याच लोकांच्या तोंडचा शब्द त्याने नोंदवला. पुढे फ्रेंचांनी त्या 'मोडशी'चे 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचे मरण, असे करून टाकले. शब्दाचा अपभ्रंश झाला खरा, पण वर्णन काही चुकले नाही. खेडोपाडी मरीआईचे ठाणे असे. साथ आली की तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर न्यायचा. संकट संपवता येत नसेल तर निदान शेजाऱ्याच्या हद्दीत लोटावे, हा त्यामागचा व्यवहार. याला अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु आधुनिक नगरपालिका आपले सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडून खालच्या गावांकडे पाठवून देतात, तेव्हा त्या वेगळे काय करतात?

१८१७ साली बंगालमधील जेसोर येथे जी साथ भडकली ती तेथेच थांबली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात, पुण्याजवळ खडकीची लढाई होऊन पेशवाईचा शेवट जवळ आला असता, तिकडे बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या सैन्यात पटकीने हाहाकार उडवला होता. सैन्याच्या आणि व्यापाराच्या वाटांनी ती १८१८ मध्ये मुंबईस पोहोचली. पुढील शंभर वर्षांत तिने अनेक वेळा जगभर फेऱ्या केल्या. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास आला. १८८४ च्या प्रारंभी त्याने पटकीचा जंतू वेगळा करून दाखवला आणि शहरातील एका तळ्याच्या पाण्यातही तो शोधून काढला. तळ्याकाठच्या झोपड्यांतील माणसे त्याच पाण्यात कपडे धूत आणि तेच पाणी पीत. हिंदुस्थान सरकारच्या वैद्यकीय खात्यातील वरिष्ठांनी मात्र हे मान्य करण्याचे वर्षानुवर्षे टाळले. हवा, जमीन, ऋतू यांवर त्यांचा भर राहिला. शास्त्रीय मतभेद त्यात होताच; पण रोग पाण्यातून आणि माणसांमार्फत पसरतो असे एकदा कबूल केले की सुएझच्या कालव्यातून जाणारी जहाजे अडवून ठेवण्यास युरोपातील राष्ट्रांना कारण मिळाले असते, आणि व्यापाराची ती अडवणूक लंडनला परवडणारी नव्हती.

आता रोगाचे स्वरूप. पटकीचा जंतू आतडे कुरतडत नाही, फोडत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्याच्या पेशींचा व्यवहार उलटा होतो : जे पाणी आणि जे क्षार शरीरात शोषले जायचे, ते शरीरातून आतड्यात ओतले जाऊ लागतात. भाताच्या पेजेसारखे जुलाब होतात. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेलेला, हातापायांत पेटके आलेला, नाडी न लागणारा असा होतो. उपचार मिळाला नाही तर अशा गंभीर रुग्णांपैकी निम्मे दगावतात. माणूस मरतो तो पाणी आणि मीठ संपून. हे विष आतड्यावर काम करते, हे सशांवरील प्रयोगांतून निःसंशय दाखवून दिले ते कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी. १९५९ साली 'नेचर' नियतकालिकात त्यांचा निबंध आला. साध्या साधनांनी, एका वैद्यकीय महाविद्यालयात केलेले ते काम जगातील श्रेष्ठ शोधांत गणले जाते. १९८५ मध्ये ते वारले. जिवंतपणी देशाने त्यांची म्हणावी तशी दखल घेतली नाही.

पाणी संपून माणूस मरत असेल तर पाणी परत द्यावे, हा विचार साधा आहे. स्कॉटलंडमधील टॉमस लट्टा या डॉक्टरने १८३२ मध्येच मिठाचे पाणी शिरेतून देऊन मरणाच्या दारातील रुग्ण उठवून बसवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सने सलाइनची पद्धत सुधारून मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. अडचण वेगळीच होती. शिरेतून द्यायचे पाणी निर्जंतुक हवे, बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शीर शोधणारा शिकलेला हात हवा. आणि ज्या वाटेने पटकी जाते त्या वाटेवर यांपैकी काहीच नसते. तोंडाने पाणी दिले तर ते सारेच बाहेर पडते, अशी डॉक्टरांची समजूत होती. ती अर्धीच खरी होती. नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी बाहेर पडते. परंतु त्यात योग्य प्रमाणात साखर घातली तर साखरेचा हात धरून मीठ आतड्याच्या भिंतीतून आत जाते आणि मिठामागोमाग पाणी जाते. पटकीचे विष बाकीचा व्यवहार उलटा करते, पण हे एक दार त्याला बंद करता येत नाही.

कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे केल्याचे 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. पुढे १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी हेच शिस्तबद्ध रीतीने सिद्ध केले. तरीही ही गोष्ट प्रयोगशाळेची आणि सज्ज इस्पितळाचीच मानली जात होती. ती तेथून बाहेर पडली एका युद्धामुळे.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोट माणसे भारतात आली. ज्या जेसोरमधून १८१७ ची साथ निघाली होती, त्याच जेसोरचा रस्ता सीमा ओलांडून बनगावला येतो. बनगावच्या आसपास सुमारे साडेतीन लाख निर्वासित पाऊस अंगावर घेत पडून होते आणि त्यांच्यात पटकी शिरली. तेथील छोट्या इस्पितळात रुग्णांसाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा. उरलेले रुग्ण जमिनीवर, एकमेकांना चिकटून. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ तेथे पोहोचले, तेव्हा सलाइन लावायचे तर वांतीत आणि जुलाबात गुडघे टेकून बसावे लागत होते. थोड्याच दिवसांत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या.

महालनबीसांपुढे तेव्हा दोनच मार्ग होते. बाटल्या येईपर्यंत रुग्णांना मरू द्यायचे, किंवा अशा उघड्यावरच्या गोंधळात जो उपचार कोणी करून पाहिला नव्हता तो करायचा. त्यांनी दुसरा मार्ग धरला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यातील त्यांच्या संशोधन केंद्रात ग्रंथालयाच्या खोलीत ही भुकटी मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली जाई, पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली जात आणि गाड्यांतून त्या बनगावला येत. तेथे पिंपांत पाणी घेऊन ती मिसळायची. आणि रुग्णाला पाजायचे कोणी? डॉक्टर नव्हते, परिचारिका नव्हत्या. आईने मुलाला, भावाने बहिणीला, बायकोने नवऱ्याला पाजायचे. नातेवाईक पेला घेऊन पिंपाशी येत आणि परत जाऊन तो रुग्णाच्या तोंडाला लावीत. आठ-दहा आठवड्यांत तीन हजार सातशेहून अधिक रुग्णांवर असा उपचार झाला. आधी शंभरातील ३० माणसे मरत होती. ते प्रमाण ३.६ वर आले.

इस्पितळशाहीची घडी या घटनेने मोडली. जीव वाचवण्याचे काम पांढऱ्या कोटातून निघून लुगड्याच्या पदरात आले. जाणकारांना ते सहजी पचले नाही. महालनबीसांचा निबंध छापून यायला १९७३ साल उजाडले. २०२२ च्या ऑक्टोबरात ते निवर्तले आणि पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळाले. शंभुनाथ डे यांच्याविषयी जे झाले ते पाहता, हेही थोडके नव्हे असेच म्हणावे लागते.

तथापि शोध लागणे एक आणि तो घराघरात पोहोचणे दुसरे. येथे स्वतंत्र बांगलादेशातील एका कामाची हकीकत कार्यकर्त्यांनी बारकाईने ऐकण्याजोगी आहे. तेथील 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत सुमारे सव्वा कोट घरांत जाऊन आयांना हे पाणी बनवायला शिकवले. पुड्या वाटल्या नाहीत, पुड्या संपतात. तीन बोटांची चिमूट भरून मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या तरुण स्त्रिया तुकडी करून गावात उतरत, एकेका घरी बसून बोलत आणि नुसते बोलून उठत नसत : आईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भांड्यात पाणी बनवून दाखवल्याशिवाय तो धडा पुरा होत नसे. काही आठवड्यांनी दुसरेच कोणी येऊन त्यांतील निवडक घरी विचारपूस करी, आणि आईला जेवढे आठवत असेल त्या मानाने शिकवणारीला पैसे मिळत. किती घरे झाली यावर नाही. किती घरांत उरले यावर.

या कामात एक ठेचही लागली आणि ती सांगायला संस्थेने संकोच केला नाही. आयांना सारे तोंडपाठ होते, पण मूल आजारी पडल्यावर हे पाणी वापरणाऱ्या घरांची संख्या फारच थोडी निघाली. कारण शोधले तेव्हा दिसले की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःचे पोट बिघडले की त्याही गोळ्या शोधत. शिवाय घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते, आणि औषधाचा पैसा त्यांच्या हाती. मग प्रशिक्षण बदलले, बाजारात आणि मशिदीपाशी पुरुषांच्या बैठका झाल्या, आणि वापर वाढू लागला. ज्या कार्यकर्त्याचा स्वतःच्या पत्रकावर विश्वास नाही त्याचे पत्रक कोण वाचणार, ही शंका इतरही चळवळींना विचारता येण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते एकदा स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण अभ्यासवर्गातून परतणाऱ्याला प्रसंगी तेच आठवावे लागेल. जुलाब लागताच, डॉक्टरची वाट न पाहता, पाणी पाजणे सुरू करावे. जलसंजीवनीची पुडी असेल तर तिच्यावर जितके पाणी लिहिले असेल तितक्यातच, बहुधा एका लिटरमध्ये, सगळी पुडी एकदम विरघळवावी. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात असा हिशेब करू नये. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाण्याची चव डोळ्यांतील आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. लहान मुलाला जास्त मीठ घातक ठरते. चोवीस तासांनी उरलेले पाणी फेकून नवे करावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धी ते एक वाटी, चमच्याचमच्याने. मोठ्यांना मागतील तितके. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू. अंगावरचे दूध थांबवू नये. पेज, ताक, वरणाचे पाणी, मऊ भात चालू ठेवावा. पोट बिघडले की लंघन करावे आणि पाणी तोडावे, ही आपल्याकडील जुनी समजूत या रोगात जीवघेणी आहे. मुलांना दहा ते चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात. त्या सरकारी केंद्रावर मिळतात. मात्र रुग्ण गुंगीत गेला, त्याला पिता येईना, लघवी थांबली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसू लागली, तर एक क्षणही न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे आणि वाटेतही पाजत राहावे. तेथे शिरेतून रिंगर लॅक्टेट भराभर द्यावे लागते. गंभीर रुग्णास डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक देतात, त्याने जुलाब लवकर थांबतात. पण ते पाण्याची जागा घेऊ शकत नाही. वेळेवर आणि नीट उपचार झाले तर शंभरात एकही मृत्यू होऊ नये, अशी आज स्थिती आहे.

इतकी स्वस्त वस्तू बाजाराला पाहवेल कशी? 'ओआरएस' ही तीन अक्षरे ठळक छापून साखरेची गोड पेये कागदी डब्यांतून औषधांच्या दुकानात वर्षानुवर्षे विकली गेली. त्यांत साखर भरमसाट आणि क्षार अपुरे. जास्त साखर आतड्यात उलट पाणीच ओढते, म्हणजे जुलाब झालेल्या मुलाला ते पाजणे हे आगीत तेल ओतण्यासारखे. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी अनेक वर्षे एकाकी पाठपुरावा केल्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली. लसीचीही कथा बाजाराच्याच अंगाने जाते. तोंडाने घ्यायची चांगली लस आज उपलब्ध आहे, पण ती गरिबांची लस. तिच्यात नफा थोडा. हैदराबादचा जो कारखाना ती बनवत होता, त्याच्या फ्रेंच मालकांनी उत्पादन बंद करण्याचे ठरवले, आणि जगात साथी वाढत असताना लसीचा इतका तुटवडा पडला की २०२२ च्या ऑक्टोबरपासून साथीच्या वेळी दोनऐवजी एकच मात्रा देण्याचे धोरण स्वीकारावे लागले.

येथपर्यंतची कहाणी उत्साह वाढवणारी आहे. तिचीच दुसरी बाजू अवघड आहे आणि तिच्याविषयी पुरोगामी मंडळीही सहसा बोलत नाहीत. मिठा-साखरेचे पाणी माणसाला मरू देत नाही. पण त्याला पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आजारी पडण्यापासून वाचवत नाही. मृत्यू घटले की बातमी घटते आणि बातमी घटली की नळाच्या योजनेची निकड घटते. पुडीचा खर्च काही रुपयांचा, जलवाहिनी आणि गटार यांचा कोट्यवधींचा. राज्यकर्त्यांना यांतील कोणता मार्ग आवडेल हे सांगायला नको. आईने शिकावे, आईने पाजावे, आईने जागावे, आणि ज्याने घाणेरडे पाणी पाठवले त्याने निवांत राहावे, अशी ही विभागणी होऊन बसते. जीव वाचवणे आणि रोग हटवणे ही दोन कामे आहेत. पहिले जमले म्हणून दुसरे माफ होत नाही.

युरोपातून पटकी गेली ती औषधाने गेली नाही. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने सोहो भागातील एका पंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याच वर्षीचे त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. दक्षिण लंडनमध्ये दोन खाजगी कंपन्या पाणी विकत होत्या. अनेक रस्त्यांत शेजारी शेजारी असलेल्या घरांना वेगवेगळ्या कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी शहराची घाण मिसळलेले थेम्सचे पाणी घेई. दुसरीने १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला नेला होता. स्नोने घरोघर फिरून हिशेब मांडला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या घरांमागे ३७. त्याच गल्लीतली, तशीच माणसे. फरक फक्त नळाचा. एवढे होऊनही लंडनचे पाणी कंपन्यांच्या हातून सार्वजनिक मंडळाकडे यायला १९०४ साल उजाडले.

हॅम्बुर्गचे उदाहरण तर समाजवाद्यांनी विसरूच नये. हे व्यापाऱ्यांच्या सिनेटने चालवलेले श्रीमंत बंदर. एल्ब नदीचे पाणी न गाळताच ते शहराला पुरवीत. गाळणी बांधायची की नाही आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, या वादात वर्षे गेली. लागूनच असलेले आल्टोना गाव प्रशियाच्या हद्दीत. ते नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सारी घाण त्याच्या वाट्याला. पण तेथे पाणी वाळूतून गाळून दिले जाई. १८९२ च्या ऑगस्टात साथ आली. जहाजे अडतील या भीतीने हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी रोगाचे नाव घ्यायला मोलाचे दिवस घालवले. सुमारे साडेआठ हजार माणसे मेली, त्यांत कष्टकऱ्यांचा वाटा सर्वात मोठा. दोन गावांच्या सीमेवरील रस्त्याच्या एका बाजूला मृत्यू, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही. ज्या सोशल डेमोक्रॅट पक्षावरील बंदी उठून दोनच वर्षे झाली होती, त्याच्याच कार्यकर्त्यांची मदत मग सिनेटला मागावी लागली : कामगार वस्त्यांत घरोघर सूचनापत्रके पोहोचवणारी दुसरी यंत्रणाच शहरात नव्हती. त्यांनी ती पोहोचवली. गाळणी पुढच्या वर्षी सुरू झाली.

महाराष्ट्रात पाण्याचा प्रश्न पैशाइतकाच जातीचाही होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंसह प्राशन केले. या दोन्ही घटना मानवी प्रतिष्ठेच्या आहेत, आणि त्या आरोग्याच्याही आहेत. ज्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नाही तो ओढ्याचे पाणी पितो, आणि पटकी ओढ्यात असते. मुंबईत गोरेगावच्या झोपडपट्ट्यांतील बायकांना घेऊन मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी लढे दिले आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले. या नावापेक्षा मोठी पदवी समाजवादी चळवळीतील फार थोड्यांना मिळाली असेल. त्यांचा लढा नळासाठी होता. अलीकडे मोर्चे टँकरसाठी निघतात. टँकर मिळाला की विजय झाला असे वाटते. आणि टँकरवाल्याचा, तो ज्या पुढाऱ्याचा असतो त्याचाही, विजय त्यात होऊन जातो.

जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे पाणी पिऊन साथ पसरली आणि माणसे दगावली. तेथे नळयोजना नव्हती असे नाही. विजेचे बिल थकल्यामुळे योजनेची वीज तोडलेली होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले. आदिवासींनी पावसाळ्यात विहिरीवर का जावे याचे उत्तर असे एका वीजबिलात होते. शहरांची स्थिती निराळी नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी आढळू लागले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि बोट पाण्याकडे वळले. हा भाग बराचसा महापालिकेत नव्याने आलेल्या गावांचा. हद्द वाढली, कर वाढला, जलशुद्धीकरण केंद्र मात्र वेशीवरच राहिले.

नळ आहे म्हणजे पाणी शुद्ध आहे, हा समजही सोडावा लागेल. दिवसातून तास-दोन तास पाणी सोडले जाते, तेव्हा उरलेल्या वेळात नळ रिकामे असतात. शेजारून गटार वाहत असते, जोड गंजलेले असतात, आणि रिकामा नळ बाहेरची घाण आत ओढून घेतो. पाणी आले की पहिली धार तीच. शुद्धीकरण केंद्रात उत्तम असलेले पाणी अशा रीतीने वस्तीपर्यंत पोहोचेतो विष होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत नळजोडण्यांची मोजणी मोठ्या अभिमानाने होते. त्या नळातून किती दिवस, किती वेळ आणि कसे पाणी येते, याच्या मोजणीला तेवढा मान नाही. २०२४ ची मुदत २०२८ पर्यंत पुढे गेली, ती वेगळीच गोष्ट.

मुंबईत तर झोपडी अमुक तारखेनंतरची म्हणून तिला पाणीच द्यायचे नाही, असा दंडक होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला की, वस्ती बेकायदा आहे एवढ्यावरून पिण्याचे पाणी नाकारता येत नाही. ते जगण्याच्या हक्कात येते. जास्त दर आकारण्याची मुभा न्यायालयाने ठेवली, हे खरे. तरीही लढणाऱ्यांच्या हाती एक कागद आला आणि तो पुष्कळ वस्त्यांत अजून कोणी उघडून वाचलेला नाही.

गावाच्या पातळीवर काम याहून बारीक आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो. हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर अधिक, आणि त्यानंतर निदान अर्धा तास थांबायचे. पावडरचे पोते उघडे पडले की त्यातला क्लोरीन उडून जातो. कार्यालयाच्या ओलसर कोपऱ्यात महिनोन्महिने पडलेले पोते म्हणजे चुना. म्हणून पावडर टाकली का, एवढे विचारून भागत नाही. वस्तीच्या टोकाच्या, सर्वांत शेवटच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटी चाचणीचे थेंब टाकावेत. पिवळा रंग आला तर क्लोरीन तेथवर पोहोचला. ही चाचणी करायला दोन मिनिटे लागतात आणि कोणाची परवानगी लागत नाही. शेवटचा नळ बहुधा दलित वस्तीत किंवा वाडीवर असतो. तेथे आठवडाभर रोज रंग पाहून तारखेसह वहीत लिहावा. १ मेच्या ग्रामसभेत पंचायतीकडे पाण्याच्या तपासणीची नोंदवही, पावडर खरेदीची पावती आणि योजनेच्या वीजबिलाची पावती मागावी, आणि आपली वही तिच्याशेजारी ठेवावी. जूनमध्ये मागून उपयोग नाही. तोवर विहिरीत पहिल्या पावसाचे पाणी उतरलेले असते.